उत्तर लोकांनी द्यायचं

त्या दिवशी संध्याकाळी गावात सभा झाली. बाळारामदादाने प्रश्न विचारले, लोकांनी उत्तरं दिली. उत्तर देणाऱ्यांत मी होते. आबा खुर्चीवरून उठले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी कुणासाठीही भाषण लिहिलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. ते जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांच्याविषयी चार पानं लिहावीत म्हणून मी अनेकदा बसले आणि दर वेळी त्या सभेपाशी येऊन थांबले, कारण तिथून पुढे मला स्वतःबद्दल लिहावं लागतं. आता माझंही वय झालं आहे, म्हणून लिहिते. पण सभेच्या आधी ते घर सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत हिरामावशीचं कौलारू घर होतं. त्या घराला मागून जोडून एक पत्र्याची खोली काढली होती आणि तिच्यात आम्ही तिघं राहायचो. मावशीचं स्वयंपाकघर आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत होती, आणि भिंतीत वरच्या अंगाला धूर जायला हातभर झरोका ठेवलेला होता. त्यातून धूर फारसा गेलेला मी पाहिला नाही. वाट्या जायच्या, काड्यापेटी जायची, मिरच्या जायच्या, आणि बोलणं तर दिवसभर. आम्ही मराठवाड्यातून आलेले. आई ज्वारीच्या भाकरी थापायची आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी करायची. मावशीकडे तांदळाची भाकरी, सुकट, कधी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण. आमच्याकडे फोडणी पडली की झरोक्यातून आवाज यायचा, "काय गो, आज परत त्योच पिवला रस्सा?" आई म्हणायची, "मावशी, त्याला येसर म्हणतेत." "म्हनू दे काय पन. त्यात मूठभर सुकट टाक, मंग बग." आई आधी नाक मुरडायची. मग एका दिवशी तिने सुकट टाकली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी येसर तसंच व्हायला लागलं. ती चव मी पुढे कुठेही चाखली नाही, आणि स्वतः करायला गेले तर जमली नाही. आमच्या बुद्धपौर्णिमेची खीर मावशी पातेल्याला बोट लावून संपवायची, आणि तिच्या घरचा होळीचा नैवेद्य आमच्या ताटात आधी पडायचा. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की आबा निघायचे. खाडीकडून वारा आला तर चिखलाचा वास यायचा, वारा फिरला तर कंपन्यांचा. दुपारी गल्लीत बायका जवळा निवडत बसायच्या आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाज आमच्या पत्र्यापर्यंत यायचा. मी तिथे बसून पुस्तक वाचायचे. "वाच गो वाच," एखादी म्हणायची, "डोले फोर आनि मास्तरासारका चष्मा लाव."

मास्तर म्हणजे माझे आबा. ते मास्तर नव्हते, कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत कारकून होते. पण चष्मा, टाकाने काढल्यासारखं अक्षर आणि रविवारी ओट्यावर बसून गावाचे अर्ज लिहून देणं, एवढ्यावर गावाने त्यांना मास्तर केलं होतं. ते हळू बोलायचे. शब्द बोलण्याआधी तो तोंडात फिरवून बघतायत असं वाटायचं. त्यांना बोलींचा नाद होता. मावशीने एखादा नवा शब्द वापरला की ते झरोक्याखाली उभे राहून विचारायचे, "काय म्हणालात? परत म्हणा." मावशी म्हणायची, "तुमाला ऐकाला येत नाय का?" आणि परत म्हणायची. आबा तो शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे. तीनचार वर्षांत ते गावाची बोली इतकी चांगली लिहायला लागले की गावातल्या कुणालाही तशी लिहिता आली नसती. बोलताना मात्र ते कायम मराठवाड्याचेच राहिले आणि पोरं त्यांच्या "लई"ची नक्कल करायची.

बाळाराम मावशीचा धाकटा मुलगा. तेव्हा पंचविशीचा असेल. उंच, काळासावळा, केसांना तेल आणि हसला की समोरचा हसायचा असा. मी त्याला दादा म्हणायचे. गावाच्या भातशेतीच्या आणि मिठागरांच्या जमिनी नव्या शहरासाठी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात पोरं मोठी झाली, सुना आल्या, आणि घरं मागेपुढे वाढली. त्या वाढलेल्या भागांना एका पावसाळ्याआधी नोटिसा आल्या. आमची खोली म्हणजे असाच एक वाढलेला भाग होता. मावशीच्या दारावर कागद चिकटवला गेला त्या दिवशी तिने तो वाचायला आबांनाच बोलावलं. आबांनी वाचून दाखवला, आणि मग म्हणाले, "मावशी, आमची खोली पाडणार म्हणतात."

"तुमची कंची? माजी हाय ती," मावशी म्हणाली. "पारू दे तर बघतंय."

बाळारामदादाने देवळासमोर सभा घेतली. त्याची ती पहिलीच. त्याने कागदावर लिहून आणलं होतं आणि खाली मान घालून वाचत होता, "उपस्थित बंधुभगिनींनो, सदर प्रकरणी आम्ही आपणांस नम्र निवेदन करू इच्छितो..." पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "बाला, कोनला बोलतंस रं? आमाला का साहेबाला?" लोक हसले. दोन बायका उठून गेल्या. दादाने कागदाची घडी केली आणि बोलायचं थांबवलं.

तो आमच्या खोलीत आला तेव्हा आबा कांदा चिरत होते. रविवारी कांदा तेच चिरायचे. दादा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "मास्तर, इज्जत गेली. तुमी लिवून द्या. टेन्शन आलंय." आबांनी सुरी खाली ठेवली. ते म्हणाले, "लिहून देईन. पण आधी एक सांग. तू 'आम्ही' कशाला म्हणालास?"

"मंग काय म्हनू?"

"आम्ही म्हटलं की समोर बसलेला माणूस बाहेर राहतो. आपण म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत एवढी सोय नाही रे, तिथे दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. तू चुकीचा उचललास."

दादाने ते दोन शब्द पुटपुटून बघितले. मग म्हणाला, "आपन."

"आपण नको," आबा म्हणाले, "आपुन म्हण. तुझी आई म्हणते तसं."

नोकरीत मी ग्रंथपाल होते. लोकानुनयाच्या राजकारणावरची पुस्तकं मी क्रमांक घालून कपाटात लावली आहेत आणि पुष्कळशी वाचलीही आहेत. भली, साधी जनता एका बाजूला, मूठभर मातलेले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये उभा राहून जनतेचा आवाज मीच असं सांगणारा एक माणूस, अशी त्यांतली मांडणी. ती खोटी नाही. पण कांदा चिरता चिरता एका तरुणाला सर्वनाम समजावून सांगणारा माणूस मला त्या पुस्तकांत कुठे भेटला नाही. आबांना कुणालाही फसवायचं नव्हतं. आपण हा शब्द असा आहे की त्याला बाहेरची बाजूच नसते, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सगळी गडबड तिथे झाली.

दुसरी गोष्ट ते मावशीकडून शिकले. मावशी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणतात ती गाणी मांडवात बसून म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. शेजारच्या गल्लीत लग्न होतं. आबा मांडवाच्या बाहेर खुर्ची टाकून बराच वेळ ऐकत बसले. परत येताना मला म्हणाले, "सुजा, तुझ्या लक्षात आलं? मावशी सांगत काहीच नाही. ती विचारते. सांगतात त्या बाकीच्या बायका. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना वाटतं, हे आपलंच." घरी आल्यावर त्यांनी अर्धं लिहून झालेलं भाषण फाडलं आणि नव्याने लिहायला घेतलं. त्यात विधानं कमी आणि प्रश्न जास्त होते. दादाला त्यांनी बजावलं, "तू उत्तर द्यायचं नाही. उत्तर लोकांनी द्यायचं. तू फक्त थांबायचं."

"आनि नाय दिला तर?"

"देतील. मांडवात कुणी गप्प बसतं का?"

मग तालीम. ती संध्याकाळी आमच्या खोलीत व्हायची, कंपनी सुटल्यावर आणि जेवणाआधी. आज मला त्या सगळ्या काळातलं काही परत मिळणार असेल, तर मी तो तास मागेन. दादा दाराशी उभा, आबा खाटेवर कागद घेऊन, आई चुलीपाशी, आणि समोर चटईवर मी. मी एकटी सगळं गाव होते. दादा विचारायचा, "ह्या जमिनी कोनी दिल्या?" मी ओरडायचे, "आपुन!" आबा म्हणायचे, "बाळाराम, घाई केलीस, तिला श्वास घेऊ दे." परत. "ह्या जमिनी... कोनी दिल्या?" "आपुन!" झरोक्यातून मावशी ओरडायची, "मीनी दिल्या! तुजा बापूस नको म्हनत होता!" आणि सगळे हसायचे. आई म्हणायची, "काहून वरडायलीस एवढी, घसा बसंल." पण शेवटच्या प्रश्नाला तिचेही ओठ हलायचे, मी बघितलं आहे. मी अबोल मुलगी होते. वर्गात बाईंनी विचारलं तर उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही. त्या चटईवर माझा आवाज कुठून यायचा मला माहीत नाही. आपुन म्हणताना तोंड उघडतं आणि मिटतं, आणि मिटताना त्यात काहीतरी येऊन बसतं असं वाटायचं.

पुढची सभा देवळासमोर मावली नाही, मैदानावर घ्यावी लागली. दादाच्या हातात कागद नव्हता. व्यासपीठावर चढताना त्याने चपला काढल्या, ते मात्र आबांनी सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. तो मावशीच्या बोलीत बोलला. म्हातारे रडले. नंतरच्या मोर्चात आजूबाजूच्या गावांची माणसं आली, आणि काही महिन्यांनी नोटिसांना स्थगिती मिळाली. आमची खोली राहिली. त्या दिवसांत आबा जितके सुखी होते तितके मी त्यांना पुढे पाहिले नाहीत. भाषण त्यांचं आहे हे घरातल्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. लोक त्यांना थांबवून सांगायचे, "मास्तर, आपला बाला काय बोलला तुमी ऐकला का?" आणि त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवायचे, थोडं बदलून. आबा मान डोलवायचे. घरी येऊन आईला म्हणाले होते, "लोक ते वाक्य आता स्वतःचं म्हणून सांगतात. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे?" आई म्हणाली, "नाव पाहिजे की." आबा हसले.

मग निवडणूक आली आणि दादा उभा राहिला. आबांनी गटारांवर लिहिलं, शाळेच्या पडक्या भिंतीवर लिहिलं, दवाखान्यावर लिहिलं. दादा ते बोलला आणि लोक शांतपणे ऐकून घरी गेले. एका संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन नुसताच बसला. आबांनी नवा मजकूर वाचून दाखवला, त्यात पुन्हा गटार होतं.

"मास्तर, गटारावर कोन शिटी मारत नाय."

"शिट्टी कशाला पाहिजे? गटार झालं पाहिजे."

"तसा नाय. नोटिसा व्हत्या तवा समोर कोनतरी व्हता. आता समोर कोन नाय."

"समोर लोक आहेत की."

"लोक हात," दादा म्हणाला. "लोकांच्या समोर कोन?"

आबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना प्रश्नच नीट कळला नसावा. त्यांनी दोन प्रश्न लिहून दिले, पूर्वीसारखेच. दादा कागद घेऊन गेला. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही.

सभेच्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी मावशीबरोबर मैदानावर गेले. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्यात, मावशीला खेटून. आबांना पुढच्या ओळीत खुर्ची होती, गावातल्या प्रतिष्ठित माणसांच्या बरोबर. आई भाकरी टाकायला घरी थांबली होती. दादा आला, चपला काढल्या, माईकला हात लावला. पहिला प्रश्न, "ह्यो गाव कोनाचा?" "आपला!" दुसरा, "ह्या जमिनी कोनी दिल्या?" "आपुन!" मी बाकीच्यांपेक्षा अर्धा क्षण आधी ओरडत होते, मला जागा पाठ होत्या. मावशी कौतुकाने मला कोपर मारत होती. कागदावरचे प्रश्न तिथे संपले. दादा थांबला. आबांनी शिकवलेलं ते थांबणं त्याला आता त्यांच्यापेक्षा चांगलं जमत होतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मंग आपल्या नलाचा पानी... कोन पितो?"

त्या वर्षी गावात पाणी खरोखरच कमी येत होतं. नळावर रोज भांडणं होत होती. मागून एक आवाज आला, "भारोत्री!"

दादाने कानाला हात लावला. "कोन?"

"भारोत्री!" आता पुष्कळ लोक.

"आयकू नाय आला. कोन?"

आणि मी ओरडले. मावशी ओरडली, मी ओरडले, मैदान ओरडलं. भाडोत्री. तोंड उघडलेलंच होतं, प्रश्न आला, थांबणं आलं, आणि माझा आवाज बाहेर पडला, तालमीसारखा, पोट भरून. भाडोत्री म्हणजे कोण हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मराठीत मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण असायचे. पण त्या क्षणी तो शब्द माझ्याविषयी नव्हता. मी विचारणाऱ्याच्या बाजूला होते. ओरडून झालं आणि पुढच्या ओळीत आबा मागे वळलेले मला दिसले. एवढा आवाज कुठून येतोय ते बघायला ते वळले असावेत. त्यांची नजर बायकांच्या सतरंजीवरून फिरली आणि माझ्यावर आली. माझं तोंड अजून मिटलं नव्हतं. ते रागावले नाहीत. एखादा शब्द चुकीचा छापलेला दिसला की ते जसे बघायचे, तसं त्यांनी बघितलं. मग उठले, खुर्ची नीट केली आणि देवळाच्या बाजूने निघून गेले. व्यासपीठावरून दादाने त्यांना जाताना पाहिलं. तो अडखळला नाही. त्याने चौथा प्रश्न विचारला. तो काय होता ते मला ऐकू आलं नाही.

मी घरी आले तेव्हा आई विचारत होती, "कशी झाली सभा?" आणि आबा म्हणत होते, "चांगली झाली." मी मोरीवर पाय धूत राहिले. झरोक्यातून नेहमीसारखी वाटी आली, निवट्यांचं कालवण होतं. आम्ही जेवलो. आईला दुसऱ्या दिवशी नळावर कळलं. तिला कुणी वाईट बोललं नाही. एका बाईने फक्त हंडा लावायला जागा देताना नेहमीपेक्षा थोडा उशीर केला.

सकाळी मी दप्तर भरत होते तेव्हा आबांनी विचारलं, "काल ओरडलीस तेव्हा तुला कसं वाटलं?" मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांच्याशी ते कधी जमलं नाही. मी म्हटलं, "छान वाटलं, आबा." ते म्हणाले, "हो ना?" आणि मग, शर्टाची बटणं लावत, "मलाही वाटायचं."

दादा संध्याकाळी आला. या वेळी तो चौकटीला टेकला नाही, बाहेरच उभा राहिला. "मास्तर, तुमी मनाला लावून घेतला. मी कुठं बोललो? लोक बोलले."

"प्रश्न तू विचारलास."

"प्रश्न विचारला, तर काय झाला? तुमीच शिकवला."

"तेच म्हणतोय मी," आबा म्हणाले. "मीच शिकवलं."

दादाला ते लागलं असावं. तो आत आला आणि खाटेच्या कडेला बसला. "मास्तर, तुमी भारोत्री हाव का? तुमी आपले. तुमाला कोन काय बोलला तर त्याचा हात तोरीन. ह्यो नुसता बोलाचा असतो. मतदान झाला की संपला."

"बाळाराम, या शब्दाचे दोन अर्थ आहेत," आबा म्हणाले. "एक भाड्याने राहणारा. दुसरा भाड्याने आणलेला, म्हणजे दुसऱ्यासाठी लढणारा. तू कुठला घेतला होतास?" आबा पुढे म्हणाले, "मला दोन्ही बसतात."

आम्हाला कुणी जा म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे ऐकणाऱ्यांना वाटायचं की आम्हाला हाकललं. आबांनीच आपण होऊन नव्या सेक्टरात घर बघितलं, गावापासून चालत दहा मिनिटांवर. मावशी ओट्यावर बसून आईशी भांडली. "त्यो तुमाला बोलला का? तुमी आपली मानसा."

आई म्हणाली, "मग मावशी, भाडोत्री कोन हो?"

मावशीने जरा विचार केला आणि हात करून दाखवला. "त्ये. पलीकरच्या चाळीतले."

आबा आतून बाहेर आले. "मावशी, पलीकडच्या चाळीत विचारलं तर ते आमच्याकडे हात करतील." मावशी उठली, आत गेली आणि डबा भरून सुकट घेऊन आली. आईने तो घेतला. दादा निवडून आला. मिरवणूक आमच्या नव्या इमारतीच्या कोपऱ्यावरून गेली, गुलाल उडाला, आणि आबांनी पेपर वाचता वाचता पान उलटलं.

मावशी सुरुवातीला यायची. तीन मजले चढून धापा टाकत बसायची, आणि भिंतींकडे बघून म्हणायची, "इकरं बोलाचा कसा? सगला बंद." मग तिचे गुडघे दुखायला लागले. आई जायची, मग आईचं जाणं कमी झालं. दहा मिनिटांचं अंतर होतं. आबांनी पुढची सगळी वर्षं अर्जसुद्धा लिहिले नाहीत. कुणी मागितला तर नमुना काढून द्यायचे आणि म्हणायचे, "हे बघून तुम्हीच लिहा." निवृत्त झाल्यावर ते शब्दकोश वाचायचे, एक एक पान, कादंबरी वाचावी तसा. मी त्यांना एकदा विचारलं होतं की एवढ्याशा गोष्टीसाठी गाव सोडायला हवं होतं का. ते म्हणाले, "तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर किती आनंद होता. तो आनंद मी तयार केला होता. मला भीती वाटली." मला त्यांना सांगायचं होतं की त्या आनंदाची मला रोज आठवण येते. सांगितलं नाही. ते राहून गेलं.

ते गेले तेव्हा आमच्या सेक्टरातल्या विहारात शोकसभा झाली. कंपनीतले दोघंतिघं बोलले. आणि बाळारामदादा आला. पांढरे केस, पांढरे कपडे, बरोबर चारपाच माणसं, त्यांच्या हातात फोन. कुणीतरी त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली. चपला त्याने दाराशीच काढल्या होत्या. त्याने माईक बाजूला सारला आणि तो मावशीच्या बोलीत बोलला. म्हणाला, मास्तर आमच्या घरात मागच्या खोलीत राहिले, पण माझी आयस त्यांना विचारल्याशिवाय पोराचं नाव ठेवत नसे. म्हणाला, मला चार लोकांत उभं राहायला या माणसाने शिकवलं. म्हणाला, "मास्तर आपले व्हते. मास्तर आपलेच हात." थांबायचं तिथे थांबला. मागे बायका रडायला लागल्या. मला प्रत्येक वाक्य कसं बांधलं आहे ते दिसत होतं, कुठे श्वास सोडला आहे ते कळत होतं, आणि मीही रडत होते. तेवढ्यापुरता मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. आबांनी ठेवला असता का, मला माहीत नाही.

बाहेर चपला घालताना तो माझ्यापाशी आला. पूर्वी प्रत्येक सभेनंतर तो आबांना जे विचारायचा तेच त्याने विचारलं, आणि तशाच अजिजीने. "बाय, बरा बोललो ना?"

मी म्हटलं, "बरं बोललात, दादा."

तो बरं वाटल्यासारखा हसला आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी ते भाषण लोकांच्या फोनवर फिरत होतं. त्याखाली शेकडो माणसांनी हात जोडले होते. त्यांतल्या बहुतेकांनी आबांना पाहिलेलं नव्हतं.

हिरामावशी जाऊन बरीच वर्षं झाली, आई तिच्यानंतर गेली. कौलारू घराच्या जागी पाच मजले उभे आहेत आणि त्यांत सगळ्या खोल्यांत भाडेकरू राहतात. मी सेक्टरातल्या घरात एकटी राहते. मत द्यायला जाते, सभेला जात नाही. प्रचाराच्या दिवसांत मैदानावरून लाऊडस्पीकरचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, फक्त एक माणूस काहीतरी विचारतो आणि पुष्कळ माणसं उत्तर देतात एवढं कळतं. तेव्हा मी गॅलरीचं दार लावत नाही.